मोटारीला एरंडेल

निजामाच्या राज्यात मांजरसुंब्याला मोटार आली की घाटातली माकडंसुद्धा भांग पाडून बसायची. त्या दिवशी फुटाणेवाल्या भामाबाईच्या पुढ्यातच देशमुखांची नवी मोटार थांबली. आत बाशिंग बांधलेले धाकले मालक, खाली उतरलेले ड्रायव्हर रहीमभाई आन् जुना गाडीवान धुळाजी. भामाबाईनं भट्टी सोडून कान तिकडं लावला.

“कायतरी जळतंय, धुळाजी. रबर न्हाई, तार न्हाई.”

“बैल असते तर एव्हाना लिंबागणेशाला अक्षता पडल्या असत्या.”

“थांब, टोपण उघडतो. या अल्ला! धुराच्या नळीला ही तेलकट चिंधी कुणी गुंडाळली?”

“म्या. एरंडेलात भिजवून.”

“कावून बे?”

“निघायच्या आधी आसाला वंगण द्यायची रीत हाय. हिचा आस मला घावला न्हाई. ही नळी तापलेली दिसली. म्हनलं, हीच लई घासत असंल.”

“अरे, नवरदेवासकट पेटलो असतो!”

“धाकले मालक, मला काढू नका. तुमच्या आईसायबाला याच घाटातून म्या आणलं. बैलांना झुली, शिंगांना गोंडे. आता गोठ्यात नुसता उभा ऱ्हातो, त्यांच्यासंगं.”

“रहीमभाई, नळी पुसली का?”

“पुसली, सरकार. वास गेला. मुहूर्त गाठतो.”

“चला मग. धुळाजीमामा, पुढं बसा. आन् उद्या वरातीला बैलगाडी जुंपून आणा.”

“नवरी मोटारीला भिती व्हय, मालक?”

“नवरी कशाला? मीच भ्यालोय.”