पंधराशे कमी पडतात

— नाही, सही नाही करायची. टोपण लावा आधी त्या पेनाला. लावा, लावा — मी बघतेय. अहो सयाजीभाऊ, सल्ला विचारायला आलात ना? शिफ्ट सुटल्यावर काळेवाडीचा रस्ता सोडून इथं आकुर्डीपर्यंत सायकल मारत आलात, म्हणजे मनात कुठंतरी पाल चुकचुकलीय तुमच्या. मग ऐका तरी. उद्धवरावाचं व्याज शेकडा पाच. वर्षाला नव्हे — महिन्याला! पंधराशेवर पंचाहत्तर रुपये झाले दर महिन्याचे. तुमच्या हातात पगार येतो चारशे दहा. काय — चारशे वीस? बरं, चारशे वीस. त्यातले पंचाहत्तर नुसत्या व्याजाचे, मुद्दल आहे तिथंच, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलंत का? सहा महिन्यांत फेड झाली नाही तर जागेचा ताबा त्याचा. म्हणजे कष्ट तुम्ही करायचे, व्याज तुम्ही भरायचं, आणि जागा त्यानं घ्यायची. वा रे वा!

जागा वाईट आहे असं मी म्हणते का? नाही म्हणत. एक गुंठा, चार हजार, काळेवाडीत — आणि सात-बारा बघितलात, तलाठ्याकडं स्वतः जाऊन आलात, हे फार चांगलं केलंत. गेल्या खेपेला साहेबरावाच्या लेथमध्ये भागीदारी केलीत तेव्हा काय बघितलं होतंत? साहेबरावाची मिशी! राग मानू नका, मी तोंडाची फटकळ आहे, कुणालाही विचारा. पण सात वर्षं झाली मला हे पोस्टाचं काम करताना — महिन्याच्या महिन्याला घरोघर जायचं, बायकांकडून हप्ते घ्यायचे, भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून आणायचा — आणि लोक काही मला नुसते हप्ते देत नाहीत हो. मुलाला आयटीआयला घालू की कॉलेजला, मुलीचं लग्न यंदा करू की पुढच्या वर्षी, सासऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन आत्ता की दिवाळीनंतर — सगळं या टेबलावर ठरतं. आमचे हे म्हणतात, मृदुला, तू पोस्टाची एजंट आहेस की गावची पाटलीण? म्हणू देत. माझी बेरीज आजवर चुकलेली नाही. आता तुमचीच घ्या. प्रॉव्हिडंट फंडातून चौदाशे. बोनसचे सातशे. सोसायटीचं कर्ज चारशे. अडीच हजार झाले. राहिले पंधराशे. बरोब्बर पंधराशे, एक रुपया इकडं नाही की तिकडं नाही — आणि तेवढ्यासाठी त्या माणसाच्या दारात जायचं? घरात पैसा असताना बाहेरून व्याजानं कशाला काढायचे म्हणते मी, उद्याच तर मुदत भरतेय आणि —

— चहा टाकते. नको? अर्धा कप तरी. ... कुणाची मुदत? अहो, कुणाची नाही. माझ्या भाचीची. माझ्या डोक्यात सतरा जणींची खाती असतात, एकीचं बोलता बोलता दुसरीचं तोंडातून जातं. वय झालं आता. तुमचं घर कुठं म्हटलं मी? मी आपलं — घर म्हणजे — कुणाचंही घर. असं बघू नका माझ्याकडं. बसा खाली. सयाजीभाऊ, त्या डब्याला हात लावायचा नाही. ज्वारीचं पीठ आहे त्यात. मी तिकडं बघितलं म्हणून काय झालं, माझं घर आहे, मी कुठंही बघेन. हात काढा. हे बघा, मी बसलेच त्याच्यावर. आता उचला बघू, माझ्यासकट उचला!

... बरं. आहे. तुमच्या बायकोचं, रंभाचं पोस्टाचं पुस्तक आहे माझ्याकडं. ओरडू नका, शेजारी परीक्षेचा अभ्यास चाललाय. एजंटानं लोकांची पुस्तकं घरी ठेवायची नसतात, नियम आहे तसा, पोस्टमास्तरांना कळलं तर माझी एजन्सी जाईल. पण काय करू? बायका म्हणतात, वहिनी, घरी नको, तुमच्याकडंच राहू दे. चौदा पुस्तकं आहेत या डब्यात. चौदा घरांतली. एक तर माझंच आहे, ते आमच्या ह्यांना अजून — जाऊ दे. ते कशाला निघालं मध्येच. पैसे कुठून आणले म्हणून काय विचारता? चोरले नाहीत तिनं. बाहेरच्या चार पोरांचे जेवणाचे डबे करते ना ती? तुम्हीच म्हणायचात, त्यात काय उरतंय, ज्वारीचे पैसे सुटले तरी पुष्कळ. उरले. महिन्याला वीस उरले. साठ महिने, एकही हप्ता चुकला नाही, उद्या व्याजासकट पंधराशे होतात. तुम्ही तिचं डोरलं मोडून साहेबरावाला दिलंत, त्या महिन्यातसुद्धा आली होती — बोडक्या गळ्यानं आली, वीस रुपये मोजून या टेबलावर ठेवले, आणि मी काही विचारायच्या आत निघून गेली.

काय? — हो. हो, असेल. जागेसाठीच साठवत असेल. तुम्हाला एकदम हातात द्यावेत, म्हणून लपवून — हो ना, बायकांना असली हौस असते — अहो, हसताय काय! नका हसू. म्हणजे — हसा, पण आज घरी जाऊन तिला विचारू नका. आजचा दिवस नका विचारू. पेढेबिढे तर मुळीच नेऊ नका. का म्हणजे? मी सांगते म्हणून. सल्ला म्हणून घ्या. आजवर माझा सल्ला... अरे देवा. मला खोटं बोलता येत नाही हो. तुम्ही असे हसलात ना, पाच वर्षांत तुम्हाला मी असं हसताना बघितलं नव्हतं, आणि मी तुम्हाला असं हसत घरी पाठवू? ती घाबरेल. तुम्ही पेढे घेऊन दारात उभे राहिलात तर ती भीतीनं मरेल.

जागेसाठी नाहीत ते पैसे. तिच्यासाठी आहेत. तिच्या आणि दोन पोरांच्या खोलीसाठी. आता समजलं? का आणखी फोड करून सांगू? दोनदा दाराबाहेर काढलंत तिला, सयाजीभाऊ. दिवसाढवळ्या, पाण्याच्या रांगेसमोर, भांडी फेकलीत तिच्या मागोमाग. सगळी चाळ हंडे घेऊन उभी होती. पहिल्यांदा का, तर डोरलं देत नव्हती. दुसऱ्यांदा का, तर साहेबराव पैसे घेऊन पळाला, आणि तो पळणार हे तिनं आधीच सांगितलं होतं म्हणून! ती रडत आली असती तर मी समजूत घालून परत पाठवली असती. आधी पाठवलीच होती. तडजोड कर म्हटलं, पोरं आहेत म्हटलं, सगळं म्हटलं. पण दुसऱ्या वेळी ती रडत नव्हती. म्हणाली, "वहिनी, तुमी सगळ्यांचा हिशोब मांडता. माझा एकटीचा मांडून द्या. भागतंय का न्हाई, येवढंच सांगा."

मी तिला फूस लावली म्हणताय? मी? थांबा. हा बघा, हा कागद. माझंच अक्षर, नाकारत नाही. पण एकेक आकडा तिनं सांगितलेला आहे. दूर व्हा, मी वाचते, तुमच्या हातात देणार नाही. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम, दोनशे दहा. कुठला कारखाना, ते नाही सांगणार. खोली, पस्तीस. कुठली, तेही नाही सांगणार. धान्य, ऐंशी. रॉकेल, दहा. दूध पावशेर, पंधरा. पोरांची फी, वह्या, वीस. औषधपाणी, दहा. मनीऑर्डर, सोजरबाई, पंधरा. शिल्लक पंचवीस. खोलीचं डिपॉझिट, भांडीकुंडी आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचे दोन महिने, त्याला पंधराशे. बरोब्बर पंधराशे. मला वाटलं होतं हो, असा हिशोब एकदा मांडून दाखवला की ती भिऊन गप्प बसेल. पण तो जमला. मीच जमवला. जमला की मला इतकं बरं वाटतं ना, तेव्हाही वाटलं, आणि आज तुमचा जमवायला गेले तर जीभ घसरली. पाच वर्षं सांभाळलं आणि एका बेरजेपायी घालवलं. माझ्या थोबाडीत मारावीशी वाटतेय मला.

कोण सोजरबाई? अहो, तुमची आई! दुसरी कोण असणार? ... म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? तुम्हाला काय वाटलं, धाकटा भाऊ पाठवतो? त्याचंच त्याला पुरत नाही. तीन वर्षं झाली, रंभा पाठवते. तुमच्या नावानं. फॉर्म मी भरून देते, पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घालते, खाली "मी खुशाल आहे" एवढं लिहिते. म्हातारी गावभर सांगत असेल, माझा सयाजी एक महिना चुकत नाही म्हणून. साहेबरावाला पैसे दिलेत आणि घरी पाठवायचे बंद केलेत ना, तेव्हापासून. मी म्हटलं तिला, हा आकडा खोड आता, तू घर सोडल्यावर कसली सासू न् कसलं काय, पंधरा रुपये वाचतील, पोरांना दूध वाढेल. खोडायला पेन्सिल टेकवली होती मी कागदावर. तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या वहिनी, म्हातारी पोस्टमनची वाट बघती."

ओरडा हवं तर. मघाशी ओरडत होतात ते बरं होतं.

... नाही. हात पुढं करू नका. पुस्तक देणार नाही. पाया पडलात तरी नाही, आणि पडूही नका, उठा, हे काय चालवलंय — उठा आधी. तिला काय सांगायचं ते मला सांगू नका, माझं काम निरोप पोचवायचं नाही. ती राहील का? मला काय ठाऊक! मला आकडे विचारा. हे मला येत नाही. आज घरी गेलात तर जेवा, भांडं उचलून ठेवा आणि झोपा. एक शब्द काढायचा नाही, गोड नाही की कडू नाही. हात तर उचलायचाच नाही. उचललात तर मी इथून चालत येईन काळेवाडीला, आणि त्या पाण्याच्या रांगेसमोर तुमच्या आईची मनीऑर्डर वाचून दाखवेन, पावत्यांसकट. आहेत माझ्याकडं. छत्तीस पावत्या आहेत.

चला आता. रुमाल राहिला तुमचा — हा घ्या. उद्या दहाला पोस्ट उघडतं, सव्वादहाला ती तिथं येईल, सही करेल, पैसे घेईल. पुढं तिला काय करायचं ते ती करेल. हो, मीच सांगतेय तुम्हाला वेळ. आता लपवून काय उरलंय? तुमची उद्या पहिली शिफ्ट आहे ना, सयाजीभाऊ? मग शिफ्टला जा.