हेमाकाकूंना उठायचं होतं

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक, आदरणीय रमाकांत साळवेसाहेब. पुण्याच्या धर्मविद्यालयातून मुद्दाम लखनौला आलेल्या प्रमुख पाहुण्या वीणाताई उजागरे. आणि आलमबागच्या या हॉलमध्ये वीज नसतानाही चिकाटीने बसलेल्या काका-काकूंनो, भावंडांनो, सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम.

बी.एस्सी. झाली, आता सेवेच्या शिक्षणासाठी मी उद्या पुण्याला निघणार, म्हणून हा समारंभ. शाल मिळाली, हार मिळाला. मनापासून आभार मानायचे असतात, पण मन कुठे आहे तेच सध्या कळत नाही. हेमाकाकू गेल्यापासून हे असंच आहे. डोळे मिटते, आमेन म्हणते, आणि आत काही हलत नाही. रडूसुद्धा आलं नाही. निरोपाच्या भाषणात असं बोलावं का? बोलू नये. पण बोलून झालं.

वीणाताई, हेमाकाकू आमच्या रेल्वे कॉलनीतल्या शेजारी. आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मुलींना डेंग्यू झाला, तेव्हा काकूंनी रोज मऊ भात केला आणि मी कॉलेजला जाताना डबे नेले. कोण कुठल्या धर्माची, हे काकूंनी विचारलं नाही. “मीठ कमी लागलं का, तेवढं विचारून ये,” एवढंच सांगायच्या. मंडळीत मात्र कौतुक माझं झालं. डबा नेणारी दिसते ना, करणारी घरात असते.

आता आपली पद्धत. उपासनेच्या गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की ज्याला सेवेसाठी देवाचं पाचारण, देवाची हाक, जाणवते त्याने उभं राहायचं. त्या रविवारी काकूंनी माझा दंड धरला. “अगं स्वप्ना, हात दे. मला उठायचंय.” मला वाटलं, पाणी हवं असेल. मी उठले, हात दिला. काकू अर्ध्या उठल्या, गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या परत बसल्या. उभी राहिले मी एकटी. साळवेसाहेबांनी वेदीवरून “हालेलुया!” म्हटलं, टाळ्या पडल्या, बाबांचे डोळे भरून आले. मी काकूंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, “असू दे गं. टाळ्या चालू आहेत, आता कुठं मध्येच सांगतेस?”

तेवढ्यावर माझं पुण्याचं ठरलं. काकू होत्या तोवर वाटायचं, त्यांच्यासाठी म्हणून जावं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ज्या बाईला उभं राहावंसं वाटलं, तिच्या मनातलं निदान एवढं तरी व्हावं. आता त्या नाहीत. अद्वैत, माझा धाकटा भाऊ, सकाळी म्हणाला, “दीदी, टिकट कन्फर्म है, अब तो मुस्कुरा दो!” मला हसता आलं नाही.

वीणाताई, तुमची मी मनापासून माफी मागते. मी येत नाही. मला कुणी हाक मारलेली नाही. त्या दिवशी हाक काकूंना आली होती. बाबा, खाली बघू नका. मी देवावर रागावलेली नाही, रागावण्याइतकंही काही वाटत नाहीये. एम.एस्सी. इथेच करीन. हॉस्टेलमध्ये पुन्हा दोन मुली तापाने पडल्यात. काल मी मऊ भात केला, खालून करपला. त्यांनी खाल्ला बिचाऱ्यांनी. आज पुन्हा करणार आहे.

शाल अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवते, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. मोठ्यांसमोर तोंड सुटलं असेल तर लेक समजून सांभाळून घ्या.

आता शेवटचं कडवं होईल. मी आज बसूनच म्हणेन. पण कुणाला उठायला हात लागला तर सांगा. त्यासाठी मी उठेन.