उशाखालचं पत्र

हल्ली हाताने लिहिलेलं पत्र दिसत नाही, म्हणून पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या दोघा म्हाताऱ्या भावांकडे लक्ष गेलं. पाकीट थोरल्याच्या हातात होतं.

"दादा, 'माझ्या मरणालाही येऊ नकोस' असं ताईला लिहितात का?"

"लिहिलं. विषय संपला."

"रागाचं पत्र एक रात्र उशाखाली ठेवावं, हे आम्हाला तूच शिकवलंस ना?"

"आठ रात्री ठेवलं."

"आणि तरी राग गेला नाही? धन्य आहेस!"

"राग दुसऱ्याच दिवशी गेला रे."

"मग हे कशाला टाकतोस?"

"वर्ष झालं, ती फोन उचलत नाही. हे वाचून निदान भांडायला तरी येईल."