अर्धा फेरा

बाइंडर : ही पाटी वाचा बरं पुन्हा.

रखवालदारीण : काका, तिसऱ्यांदा वाचायला लावताय! ‘मूर्त वारसा. मूर्त म्हणजे ज्याला हात लावता येतो असे.’

बाइंडर : आणि खालची?

रखवालदारीण : ‘हात लावू नये.’

बाइंडर : दोन्ही एकाच माणसानं लिहिल्यात, की लिहिणाऱ्या दोघांचं बोलणं बंद आहे?

लेक : बाबा, पुरे. तुम्हीच सही करून ही बाइंडिंगची प्रेस संग्रहालयाला दिलीत ना?

बाइंडर : दिली. परत मागतोय का मी? एकेचाळीस वर्षं हिच्यात पुस्तकं दाबली. दुकान बंद करताना रोज मळसूत्र अर्धा फेरा सैल करून निघायचो. यांनी कोरं पुस्तक घालून दातओठ खाऊन आवळलीय. लाकडाचे आटे आहेत, दमट हवेत फुगले की तडकतील!

रखवालदारीण : आवळलेली छान दिसते म्हणून...

बाइंडर : तुम्ही बुटांच्या नाड्या आवळून झोपता का, छान दिसतात म्हणून?

लेक : इथल्या साहेबांना पत्र लिहू या.

बाइंडर : तीन लिहिली. उत्तर आलं, ‘सूचनेची नोंद घेतली.’ त्यांच्या नोंदीनं फेरा उलटा फिरतो होय?

रखवालदारीण : तुम्ही दोरीच्या आत आलात तर माझी नोकरी जाईल हो.

बाइंडर : मी नाही येत. पण पुसायला तुम्ही जाताच की.

रखवालदारीण : जाते. हातमोजे घालून.

बाइंडर : मग घ्या फडकं.

लेक : बाबा! त्यांना कशाला गोत्यात आणताय?

रखवालदारीण : असू द्या, ताई. हे उद्या पुन्हा येतील, त्यापेक्षा... कुणीकडे फिरवू?

बाइंडर : डावीकडे. हिसका नको, अंगाचा भार टाका. कुरकुरलं?

रखवालदारीण : कुरकुरलं.

बाइंडर : बस्स. झालं. आता दांडा धरलाय, तिथं एक खळगा लागतोय का? अंगठ्याखाली?

रखवालदारीण : कसला खळगा?

बाइंडर : माझ्या अंगठ्यानं झिजलेला.

रखवालदारीण : मोज्यातून काही कळत नाही, काका.

बाइंडर : हं. नाहीच कळायचं.

लेक : चला, बाबा.

रखवालदारीण : थांबा जरा. ताई, दाराकडे लक्ष ठेवा.

(ती उजव्या हातातला मोजा काढते.)

रखवालदारीण : आहे, काका. माझा अंगठा पुरता बुडतोय त्यात.