स्वयंपाकघर उलट्या बाजूला

विमानतळावर सामान द्यायच्या रांगेत माझ्यापुढे पन्नाशीचा एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण होती. परदेशातलं लहानपणीचं घर चाळीस वर्षांनी बघून दोघं परत निघाली होती.

“ताई, त्या बाईंनी किती आपुलकीने आत घेतलं गं आपल्याला!”

“तू दारातच हुंदके द्यायला लागलास. घेतील नाहीतर काय करतील बिचाऱ्या?”

“जिन्याखालची माझी लपायची जागा दिसली आणि राहवलंच नाही.”

“म्हणून भिंतीला मिठी मारायची? त्यांचे यजमान मला हळूच विचारत होते, डॉक्टरांना बोलवू का म्हणून.”

“फक्त स्वयंपाकघर उलट्या बाजूला वाटलं मला.”

“वाटणारच. ते शेजारचं घर होतं.”

“काय?”

“ओरडू नकोस, लोक बघतायत.”

“मग आपलं घर?”

“पाडलं रे. तिथे आता गाड्या लावतात. तू टॅक्सीत चष्मा शोधत होतास, तेवढ्यात मी शेजारची बेल वाजवली. बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आणा त्यांना आत.”

“आणि मी तासभर परक्याच्या भिंतीला कुरवाळत बसलो! मला सांगायचं नाही का?”

“नवा शर्ट घालून पहाटेपासून तयार बसला होतास. कुठल्या तोंडाने सांगू?”

“धन्य आहेस! आणि तू मग त्यांच्या बाथरूममध्ये अर्धा तास नळ सोडून काय करत होतीस?”

“रांग पुढे सरकली बघ. बॅग उचल.”