खळ्यावरची गाडी

(पनवेलजवळचं रोडपाली गाव, १९९२. रविवारची सकाळ. घरापुढच्या अंगणात रिकामा ट्रक उभा आहे.)

निशा : नाही म्हणजे नाही. बाबा, त्या विटा आधी उचला बघू तिथून.

बळीराम : विटांनी काय वाकडं केलंय तुजं? चांगल्या भाजलेल्या हायत. मी नि शिवा, आमी दोगांनी याच विटांवर गाडी ठेवून किती कामं केली.

निशा : तुमचा शिवा ड्रायव्हर आपटा गावात बहिणीच्या लग्नात जेवतोय. आज गाडीखाली मी जाणार आहे. आणि वीट सांगून फुटत नाही. एकदम भुगा होतो. मी घोड्या आणल्यात ना.

बळीराम : ह्या लोखंडी तिपाया?

निशा : चार पाय दिसतायत, तिपाई कशी होईल? ही पीन या भोकात घातली की वरचा दांडा खाली येत नाही. जॅक नुसता उचलायला. गाडी धरून ठेवायची ती या घोड्यांनी.

बळीराम : घ्या. बाप जलमभर गाडी चालवतो, नि पोरगी त्याला जॅक शिकवते.

निशा : आयटीआयला तुम्हीच पाठवलंत. डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मुलगी मी एकटी, हे गावभर सांगत कोण फिरत होतं?

बळीराम : फिरलो की. पन मना काय ठावं, तू खरंच गाडीखाली शिरशील म्हनून!

निशा : मग काय, फळ्यावर इंजिनाची चित्रं काढत बसू?

हौसा : च्या घ्या दोगं. आनि निशा, त्या ड्रेसला तेल लागलं तर धुनार नाय मी.

निशा : आई, तूच सांग यांना. मागच्या डाव्या पाट्याचं, स्प्रिंगचं, पान तुटलंय. उद्या सकाळी तळोज्याला माल भरायचाय. बाबांचा खांदा कानाच्या वर जात नाही. मग मी नाही तर कोण करणार?

हौसा : खांदा कसा जाईल वर? भिजलेल्या चपला घालून गाडीच्या फाळक्यावर चढले. मी बोलत व्हते, उतरा. तर उतरले ते पाठीवर.

बळीराम : ते आता कशाला? गॅरेजवाला उद्या येतो बोललाय.

निशा : तो मागल्या रविवारी पण हेच बोलला होता.

बळीराम : बरं. पन मी सांगन तसं करायचं. हँडब्रेक वडलास?

निशा : ओढला.

बळीराम : गेर?

निशा : पहिल्यात आहे. पण मागची चाकं वर गेली की त्या दोन्हीचा काही उपयोग नाही. सगळी मदार पुढच्या चाकांवर. ती सरकू नयेत म्हणून उटी लावलीय, दोन्ही बाजूंनी.

बळीराम : कसले दगड लावलेस? बगू. हा बारका हाय. थांब, मी पाट्याचा तुकडा आनतो.

निशा : बाबा, तुम्ही स्वतः खाली जाताना कधी एवढं बघितलंत?

बळीराम : तू जॅक मार.

निशा : मारतेय. बघा, मागची दोन्ही चाकं सुटली जमिनीवरून. घोड्या चेसीखाली, पिना घातल्या, खाली जाड फळ्या. आता जॅक हळूहळू सोडते... बसली. दोन्ही घोड्यांवर वजन आलं.

बळीराम : आत नको जाऊ!

निशा : जात नाही हो. आधी बाहेरून धक्का देऊन बघायचं. या, तुमच्या चांगल्या खांद्यानं रेटा जरा.

हौसा : अगं, कलली! गाडी कलली! निशा, पाठी हो!

बळीराम : निशा!

निशा : बाहेरच आहे मी. बाबा, बाहेरच आहे. काही झालं नाही मला. हात सोडा, किती आवळताय.

बळीराम : नाय सोडनार.

निशा : घोडी वाकलेली नाही. उजवीकडची फळीसकट मातीत गेलीय. आई, इथं खाली काय होतं गं?

हौसा : फनसाचं खोड. वाळवी लागली म्हनून काडलं नि वरती माती टाकली. मीच टाकली. मना याद पन नाय राह्यली.

बळीराम : बास. उतरव गाडी खाली. काम बंद.

निशा : बाबा, जागा चुकली, बाकी सगळं बरोबर होतं.

बळीराम : जागा असू दे नायतर आनि काय असू दे. तळोज्याचा माल जाऊ दे दुसऱ्याकडं. तू खाली जायचं नाय.

निशा : आणि तुम्ही जायचात ते?

बळीराम : माजी गोष्ट येगळी.

निशा : वेगळी कशी? आम्हाला काय दुसरा बाप होता घरात?

बळीराम : हौसे, बग कशी बोलते ही.

हौसा : मी कशाला बगू? बरोबर बोलते.

निशा : बाबा, मला पण भीती वाटली आत्ता. पण धक्का आधी दिला ना? आत शिरल्यावर नाही दिला. असंच करायचं असतं. दुसरी घट्ट जागा सांगा, तिथे पुन्हा पहिल्यापासून करू.

बळीराम : घट्ट जागा आनू कुठून? सगळ्या अंगनात भराव हाय.

हौसा : खळ्यावर घ्या.

बळीराम : कुठं?

हौसा : आपल्या खळ्यावर. पाठी.

बळीराम : हौसे, तिथं तू पोरांना सायकल फिरवू देत नायस. माजा भाव चपला घालून गेला तर त्याला चार मानसांत बोललीस.

हौसा : बोलले. सासूबाई नि मी दर साल चोपून चोपून केलंय ते. त्यावर भात झोडलंय. आता शेतं गेली, भात नाय, तरी सारवते मी. दगडासारखं हाय. गाडी उभी राह्यली तर त्यावरच राहील.

निशा : आई, तेल सांडेल. डाग जायचे नाहीत.

हौसा : नाय गेले तर नाय गेले. तुज्या अंगावर गाडी नको पडायला. काडा ती घोडी, नि चला.

बळीराम : दे किल्ली, मी हळूहळू घेतो पाठी. निशा, तू आरशात दिसशील अशी उभी राहा. नाय, आनकी लांब. आनकी.

निशा : बाबा, आता मी शेजाऱ्यांच्या पडवीत पोचले!

बळीराम : तिथंच राहा.

निशा : या... या... बस! आता उट्या. पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या, डावं चाकही काढलं. रेटा.

बळीराम : हां. नाय हलत. आनकी एकदा.

निशा : तीळभर हलली नाही.

बळीराम : त्या बाजूनी पन.

निशा : आता गाडी नाही, तुम्हीच पडाल. आई, धर यांना.

बळीराम : काडलेलं चाक पन सरकव चेसीच्या खाली. काय झालंच तर तेवढी तरी फट राहील.

निशा : हे चांगलं सांगितलंत. आमच्या सरांनी पण हेच सांगितलेलं.

बळीराम : तुज्या सरांना बोल, रोडपालीला च्या प्यायला या.

निशा : जाऊ मी आत?

बळीराम : जा. मोठा पाना घेतलास? जा.

हौसा : आता तिच्या पायाजवळ असं वाकून नका उभे राहू. तिला उजेड लागतो. हितं बसा, पायरीवर.

बळीराम : पाना वाजतोय ना?

हौसा : वाजतोय.

बळीराम : थांबला. निशा! ए निशा!

निशा : नट जाम झालाय, बाबा! दम घेतेय जरा!

बळीराम : घे, घे. सावकाश कर... हौसे, तू जा आत, तुजी भाकरी राह्यली असंल.

हौसा : बसते. मना सवय हाय.

बळीराम : कसली?

हौसा : अशी बसायची. तुमी खाली गेलात की मी दारात तांदूळ निवडत बसायचे. पाना वाजत असला की हात चालायचा. थांबला की माजा पन हात थांबायचा.

बळीराम : इतकी वर्सं? आनि कवा बोलली नायस मना.

हौसा : तुमी गाडीखाली असायचात. सांगू कोनाला?