लाकडी बंदूक

(मेक्सिकोतला हालिस्को प्रांत, १९२८. सरकारने चर्च बंद केल्यापासून डोंगरात बंड पेटलं आहे. साबास यांचा फोटो स्टुडिओ, दुपार.)

लिब्रादा – तुम्हीच वाचा ना काका. मला अक्षर येत नाही, पण पेपरात नाबोरच्या फोटोखाली काय छापलंय ते अख्खं गाव सांगतंय.

साबास – ‘धर्मवेड्यांच्या टोळीचा म्होरक्या.’

लिब्रादा – माझा भाऊ म्होरक्या! घरातल्या कोंबड्यासुद्धा ऐकत नाहीत त्याचं. चर्चला कुलूप लागलं तसं घंटा वाजवायचं कामही गेलं. मग सगळी पोरं तुमच्याकडे फोटो काढायला येतात म्हणून हाही आला. छातीवर काडतुसांचे पट्टे, मागे मारियामातेचा झेंडा, हातात बंदूक.

साबास – बंदूक मीच दिली. सगळ्यांनाच देतो.

लिब्रादा – आणि फोटोही वर्तमानपत्राला तुम्हीच दिलात.

साबास – दिला. राजधानीचा वार्ताहर आला होता. म्हणाला, एखादा बंडखोर दाखवा, खाली तुमचं नाव छापतो. मी हुरळलो.

लिब्रादा – छापलं?

साबास – नाही.

लिब्रादा – म्हणून वाचलात. नाबोरला मात्र काल कर्नलने धरून नेला. उद्या सकाळी दफनभूमीच्या भिंतीशी उभा करणार म्हणतात. पुरावा काय, तर हा कागद. मी इथे रडायला आले नाही काका. ती बंदूक घ्या आणि चला माझ्याबरोबर.

साबास – लाकडाची आहे ती. सुताराकडून करून घेतलेली. दस्त्याचा ढलपा उडालाय, तो फोटोतही दिसतो. कर्नलने नुसती हातात घेतली तरी कळेल.

लिब्रादा – मग अडलंय कुठे?

साबास – त्या फडताळात. तो लगेच इथे झडती घेईल. ज्यांवरून फोटो छापतो त्या एकेचाळीस काचा आहेत आत, एकेचाळीस पोरांच्या. त्यातली निम्मी खरोखर डोंगरात आहेत.

लिब्रादा – मग आधी काचा फोडू. हातोडी द्या.

साबास – पोत्यात घालून फोड. आवाज बाहेर जायला नको. मी एकेक काढून देतो.

लिब्रादा – ...झाल्या चाळीस. ती एक का धरून बसलात?

साबास – आमच्या गुमारोची आहे.

लिब्रादा – गुमारो? तो ग्वादालाहाराला बेकरीत आहे ना?

साबास – तसं आम्ही सांगतो. फेब्रुवारीत गेला तो, डोंगरात. कुठे पुरला तेही कळलं नाही.

लिब्रादा – काकूंना माहीत आहे?

साबास – तीच तर बाजारात सांगत असते, पाव छान भाजतो म्हणून.

लिब्रादा – मग ही राहू द्या. मी शालीखाली घालून नेते.

साबास – आणि चौकीवर शाल झटकायला लावली तर? बंडखोराच्या बापाची साक्ष कोण मानणार? नाबोर हकनाक जाईल.

लिब्रादा – कागदावर नाही काढलात कधी हा फोटो?

साबास – परत आला की मोठा करून देणार होतो. हे बघ, उजेडात धर. काचेवर सगळं उलटं दिसतं. तोंड काळं, केस पांढरेशुभ्र. माझ्याएवढा म्हातारा वाटतो.

लिब्रादा – वाटतो खरा.

साबास – चल, बघून झालं. तू फोड, पोरी. मी तोवर बंदुकीवरची धूळ पुसतो.